हाजींची टोपी आणि शेवटचा मंगळवार

१

बाकूत पुरुषाची टोपी म्हणजे त्याची अब्रू. मान गेली तरी चालेल, टोपी जाता कामा नये. टोपीवर हात ठेवून घेतलेली शपथ कोर्टातल्या शपथेहून वरची, आणि भर बाजारात कुणाची टोपी पाडली तर दोन घराण्यांत कायमचं वैर. हे सगळं इथले लोक छातीवर हात ठेवून सांगतात आणि मग टोपी बसच्या सीटवर विसरून उतरतात.

एक टोपी मात्र विसरायची कुणाची हिंमत नव्हती. जुन्या संगीत नाट्यगृहाच्या दालनात, जिन्याच्या पायथ्याशी, काचेच्या पेटीतल्या लाकडी डोक्यावर ती बसलेली असे. उंच, काळी, कोकराच्या कुरळ्या कातड्याची. हाजी मिरबागीर यांची टोपी. तेलाच्या विहिरींवर गब्बर झालेल्या या हाजींच्या मते नाटक हे पाप होतं. एका संध्याकाळी रस्त्यानं जाताना त्यांना भिंतीपलीकडून गाणं ऐकू आलं. ते आत आले, गाणं संपेपर्यंत उभे राहिले, आणि आयुष्यात पहिल्यांदा आणि शेवटचं, चारचौघांत टोपी काढून त्यांनी ती रंगमंचावर ठेवली. दुसऱ्या दिवशी इमारत विकत घेऊन कलावंतांना देऊन टाकली. टोपी परत नेली नाही. उकडत होतं म्हणून काढली आणि विसरले, असंही काही लोक म्हणतात, पण त्या लोकांना नाट्यगृहाचे पास मिळत नाहीत.

दर नवरोजच्या खेळाला मुख्य नट ती टोपी घालून पहिलं पद म्हणायचा आणि सगळं सभागृह उभं राहायचं. गाण्यासाठी नव्हे, टोपीसाठी. गाण्यासाठी उभं राहावं असं गाणं अलीकडे फारसं होत नव्हतं.

त्या वर्षी नवरोजच्या आधीच्या शेवटच्या मंगळवारी सकाळी पेटी बंद होती, कुलूप शाबूत होतं, आणि आतलं लाकडी डोकं बोडकं होतं.

बातमी कळताच व्यवस्थापक तेय्यूब मुअल्लिम खाली आले. मुअल्लिम म्हणजे मास्तर, बाईमाणसाला खानम. इथं ज्याला स्वतःचं टेबल असतं त्याला मुअल्लिम म्हणतात. तेय्यूबना दोन टेबलं होती. त्यांनी पेटीभोवती एक फेरी घातली आणि आवाज चढवायच्या ऐवजी उतरवला.

"किल्ली एकच आहे. ती मेहपारा खानमच्या कमरेला असते. मी काही म्हणत नाही. आज काही म्हणायचा दिवसच नाही. पण उद्या पाचला पडदा आहे, मोठे पाहुणे आहेत, जाहिरातीवर टोपीचं चित्र आहे. तोवर टोपी मिळावी आणि ती कुणी नेली हेही कळावं. नाहीतर मेहपारा खानमनी कपडेपटाची खोली रिकामी करून विश्रांती घ्यावी. आयुष्यभर राबली आहे बिचारी."

मेहपारा कपडेपट सांभाळायची आणि कपडेपटामागच्या खोलीतच राहायची. तिला दुसरं घर नव्हतं, आणि असलंच तर त्यात शंभर झब्बे, राजाचे तीन मुकुट आणि एक भुसा भरलेला मोर मावला नसता. तिनं तेय्यूबचं बोलणं मान खाली घालून ऐकलं. मग शेजारी उभ्या असलेल्या जर्गलमचा हात धरून तिला जिन्याखाली ओढलं.

"तू शोध," ती म्हणाली.

"मी? अगं, मी प्रॉम्प्टर आहे."

"म्हणूनच. पोलीस आले तर नुसते विचारतील. तू ऐकशील."

२

जर्गलम खानमचं आयुष्य अर्धं जमिनीत गाडलेलं होतं. रंगमंचाच्या पुढच्या काठावर शिंपल्यासारखं एक आच्छादन होतं. त्याखालच्या खोबणीत ती संहिता आणि थर्मास घेऊन बसायची आणि विसरलेले शब्द वर सोडायची. तिथून तिला माणसं बुटांपासून दिसत. राजाच्या बुटाचा तळ कुठं फाटलाय आणि नायिकेनं नायकाच्या पायावर पाय देऊन त्याला कधी गप्प केलं, हे प्रेक्षकांना कळत नसे, तिला कळे. अकरा वर्षांपूर्वी तिचा नवरा गेला, तेव्हा तिनं एक प्रयोगसुद्धा चुकवला नाही. दुसऱ्यांचे शब्द पुटपुटत राहिलं की स्वतःचे सुचत नाहीत, ही त्या नोकरीतली मोठी सोय होती.

तिच्याकडे आणखी एक काम होतं. अलोव्सत नावाच्या नटाला दुसऱ्या अंकात दारातून यायचं भान राहत नसे. मग जर्गलम खोबणीच्या फळीवर बोटानं टकटक करायची. तीनदा भराभर, मग एक थांबा, मग चौथी. की दार उघडून अलोव्सत आत. नाटकं बदलली, राज्यं बदलली, अलोव्सतचे केस येऊन गेले, पण ती टकटक काही सुटली नाही.

एवढ्या वर्षांत जर्गलमला एक गोष्ट कळली होती. माणसं काय बोलतात त्यात फारसं काही नसतं, कारण ते बहुतेक पाठ केलेलं असतं. खरं काय ते समजतं त्यांनी कुठलं वाक्य गाळलं त्यावरून.

अडचण एवढीच होती की तो शेवटचा मंगळवार होता. त्या दिवशी लोक दुसऱ्यांच्या दाराला कान लावतात. मनात काही इच्छा धरायची, कुणाच्याही दाराशी उभं राहायचं आणि आतून जे पहिलं वाक्य ऐकू येईल तो आपला शकुन मानायचा. त्यामुळे त्या दिवशी कुठल्याच दाराआड कुणी वाईट बोलत नाही. कोण जाणे बाहेर कुणाचं नशीब उभं असेल. घरात हे संध्याकाळपुरतं पाळतात. नाट्यगृहात सकाळपासूनच पाळत, कारण नट हा प्राणी मुळातच भित्रा, आणि एका वर्षी त्या दिवशी कुणीतरी कुणाला ढोल म्हटल्यावर पुढचा सबंध हंगाम पडला होता.

म्हणजे चोर शोधायचा होता, आणि कुणी कुणाबद्दल वाईट बोलणार नव्हतं.

३

तेय्यूब मुअल्लिम दोन टेबलांमध्ये उभे होते.

"मेहपारा खानमसारखी बाई होणे नाही," ते म्हणाले. "म्हणून तिच्या जागी दुसरी नेमायचीच नाही असं मी ठरवलंय. आदर म्हणून."

"खोलीचं काय करणार?"

"तुम्ही ती खिडकी पाहिलीय का, जर्गलम खानम? पूर्वेची. कॉफीला पूर्वेचा उजेड फार मानवतो. चार टेबलं सहज बसतील. पाहुणे येतील, मोराशेजारी फोटो काढतील."

"आणि टोपी?"

"हो, टोपीही," ते म्हणाले. "टोपी म्हणजे काय, टोपीच."

ते खिडकीवर बराच वेळ बोलले. टोपी आणि खोली यांतलं त्यांना नेमकं काय हवंय हे उघड होतं. पण जर्गलमच्या मनात आलं, खोली हवी असलेल्या माणसानं टोपी पळवून जाहिरात कशाला फुकट घालवायची? त्यांना चोरी सोयीची पडली होती एवढंच. सोयीची गोष्ट त्यांनी स्वतः केल्याचं आजवर कुणी पाहिलं नव्हतं. तीही ते दुसऱ्याकडून करून घेत.

उल्वी आरशासमोर होता. अठ्ठावीस वर्षांचा, गळा बरा, केस उत्तम. यंदा टोपी पहिल्यांदाच त्याच्या डोक्यावर यायची होती. जर्गलमला तो खाला, म्हणजे मावशी, म्हणायचा.

"खाला, टोपी थोर आहे," तो म्हणाला. "इतकी थोर की घातली की कपाळ खाजतं."

"म्हणजे नाही मिळाली तर बरंच."

"असं कुठं म्हटलं मी? आज काही म्हणायचं नसतं. तालमीला घातली तेव्हा दोन तास केस उभे राहिले नाहीत, तरी मी एक शब्द बोललो नाही. वासाबद्दलही बोललो नाही."

"कसला वास?"

"थोर वास. माझ्या आजीचं कपाट उघडल्यासारखा. हाजी अत्तर लावायचे का हो खाला? बायकांचं?"

"श्रीमंत होते. काहीही लावत असतील."

"ते खरं," उल्वी म्हणाला आणि केस सावरू लागला. टोपी सापडेल का, हे त्यानं एकदाही विचारलं नाही. पण ती नेऊन ठेवणार कुठं? उल्वीला चोरलेली वस्तू लपवणं जमलं नसतं. तिच्यासोबत त्यानं फोटो काढला असता.

उरला अलोव्सत. तो मागच्या अंगणात उन्हात बसून सूर्यफुलाच्या बिया सोलत होता. चपटी कापडी टोपी गुडघ्यावर, आतली बाजू वर, सालं तिच्यात. हाजींची टोपी इतकी वर्षं त्याच्या डोक्यावर होती. यंदा त्याला दारातून येणाऱ्या शेजाऱ्याचं काम दिलं होतं. नट म्हातारा झाला की त्याला शेजारी करतात. सगळ्या नाट्यगृहाचा संशय त्याच्यावर होता, आणि त्या दिवसामुळे सगळे त्याच्याशी फार गोड वागत होते.

"उल्वी चांगला गातो," जर्गलम शेजारी बसत म्हणाली.

"दात पाहिलेत त्याचे? इतके दात मला उभ्या जन्मात मिळाले नाहीत."

"टोपी कुणी नेली असेल, अलोव्सत?"

"चांगल्या माणसानं नेली असेल. आज सगळेच चांगले आहेत." त्यानं एक बी दातांखाली फोडली. समुद्रावरून वारा येत होता. त्यात तेल, मीठ आणि कुठंतरी भाजलेल्या अक्रोडांचा वास होता. आत सारंगीवाला एकच ओळ पुन्हा पुन्हा वाजवत होता, झोपेत कुणी एकच नाव घ्यावं तशी. "मेहपाराला उद्या पाचपर्यंत मुदत आहे ना?"

"हो."

"उद्या पाच. मग ठीक आहे."

"काय ठीक आहे?"

"मुदत. पुरेशी आहे." त्यानं साल टोपीत टाकलं. "तुमच्या जिन्यावरचा दिवा लागला का हो?"

"कुठला लागतोय. हिवाळ्यापासून गेलाय."

"असू द्या. घाईनं खुर्चीवर चढाल आणि पडाल."

जर्गलम उठली. तिघांची तीन वाक्यं गाळलेली होती. तेय्यूब टोपीबद्दल धड बोलले नव्हते. उल्वीनं ती सापडेल का विचारलं नव्हतं. आणि अलोव्सतनं, पेटी उघडली कशी, हे विचारलं नव्हतं.

४

मेहपाराच्या खोलीत चहाच्या पाण्याचा समोवार खदखदत होता. मोराच्या पाठीवर गव्हाच्या हिरव्या अंकुरांची ताटली ठेवली होती. नाट्यगृहातल्या सगळ्यांची पायवाट या खोलीशी येऊन संपत असे, कारण वरच्या उपाहारगृहातला चहा तेय्यूबच्या मेहुण्याचा होता.

जर्गलमनं पिशवीतून शेकरबुऱ्याचा डबा काढला. हा पदार्थ म्हणजे अक्रोड-साखर भरलेली करंजीच, फक्त तिच्या पोटावर चिमट्यानं गव्हाच्या लोंबीसारखी नक्षी काढतात. नक्षीवरून घर ओळखू येतं.

"तुझा चिमटा अजून तोच," मेहपारा म्हणाली. "आजीचा. दर तिसऱ्या दाण्याला खाडा."

"एक दात पडलाय त्याचा. नवीन घेववत नाही."

"बरं आहे. तुझा शेकरबुरा चोरीला गेला तर लगेच सापडेल. टोपीला कुठं नक्षी?"

"मेहपारा, किल्ली दाखव."

मेहपारानं कमरेची किल्ली सोडून ठेवली. मग दार लावून घेतलं.

"ही कोळशाच्या कोठडीची आहे," ती हळूच म्हणाली. "पेटीची किल्ली कमरेला टोचते. ती समोवारमागच्या खिळ्याला असते. सगळ्यांना ठाऊक आहे. तेय्यूबला ठाऊक नाही, कारण तो खोलीत आला की खिडकीकडेच बघतो."

जर्गलमनं समोवारमागे हात घातला. खिळा होता. खिळ्यावर काही नव्हतं.

"काल चहाला कोण कोण होतं?"

"कोण नव्हतं?" मेहपारानं दोन पेल्यांत चहा ओतला. "पण माझं ऐक. टोपी काय, येईल. टोप्या येतात. खोली येत नाही."

शंभर वर्षांची टोपी गेल्यावर असं बोलणं जर्गलमला चमत्कारिक वाटलं. तिनं ते मनात बाजूला ठेवलं.

"माझ्या आईला बाबांनी टोपी टाकूनच मागणी घातली होती," मेहपारा खिडकीबाहेर बघत म्हणाली. "याच संध्याकाळी. आता फक्त पोरं टाकतात, मिठाईसाठी. तेव्हा मोठी माणसं टाकायची. मुलीच्या दाराशी टोपी ठेवायची, दार वाजवायचं आणि लपायचं. मिठाईनं भरून परत बाहेर आली तर होकार. रिकामी फेकली तर नकार. आईनं अर्धीच भरली. बाबांनी लग्न लावून घेतलं. आई मरेपर्यंत म्हणायची, मी विचार करत होते."

अंगणात कुणीतरी पहिला जाळ पेटवला. काचेवर तांबडा उजेड चढला आणि मोराचा काचेचा डोळा जिवंत झाल्यासारखा वाटला.

"जर्गलम," मेहपारा म्हणाली, "उद्या मी या मोराला घेऊन कुठं जाऊ?"

५

घरी जाताना रस्ता धुरात तरंगत होता. प्रत्येक अंगणात जाळ, प्रत्येक जाळावरून उड्या मारणारी माणसं, दुखणी-खुपणी आगीत टाकणारी. दृष्ट काढायला जाळलेल्या हरमलाच्या बियांच्या धुरात शहराच्या कडा विरघळल्या होत्या. एका दाराशी एक मुलगी कान लावून उभी होती. आत नवराबायको भांडत असावीत. सावली दिसताच नवऱ्यानं "तू" म्हणून थांबून "फार छान स्वयंपाक करतेस" असं वाक्य पुरं केलं. मुलगी समाधानानं निघून गेली. आतून काहीतरी फुटल्याचा आवाज आला.

जर्गलमला स्वतःचं हसू आलं, तरी पुढच्या दाराशी ती थांबली. मेहपाराची खोली मनात धरली आणि कान दिला.

"सगळं घर काय पालथं घालतेस?" आत एक म्हातारी कुणाला तरी सांगत होती. "तुझ्याच हाताखाली आहे की."

मीठ असेल, जर्गलमनं स्वतःला सांगितलं. मीठच असतं.

तिसऱ्या मजल्यावर अंधार होता. घरात येऊन तिनं मेणबत्त्या लावल्या, थाळा मांडला, आणि तेवढ्यात दार वाजलं. तीनदा भराभर. मग थांबा. मग चौथी.

"आत ये," ती सवयीनं पुटपुटली, आणि मग एकटीच लाजली. एवढ्या वर्षांनी कानाला सगळीकडे तेच ऐकू यायला लागलं होतं.

रीत अशी की टोपी कुणी ठेवली हे बघायचं नाही. बघितलं तर टाकणाऱ्याचं नशीब बिघडतं. तिनं दार वीतभर उघडलं, तोंड फिरवलं, आणि उंबऱ्याजवळच्या काळ्या गोळ्यात मिठाईचा वाडगा रिता केला. टोपी भरेना. शेकरबुरा, अक्रोड, बेदाणे, सगळं आत बुडत गेलं. दुसऱ्या मजल्यावरचं पोर हावरट होतं आणि डोक्यानंही मोठं होतं. तिनं दुसरा वाडगा आणला. ती विधवा झाल्यापासून तिच्या दारी पोरं कमी यायची. आल्या टोपीला अर्धवट परत पाठवणं तिच्या जिवावर आलं. तिनं ती काठोकाठ भरली आणि दार लावलं.

ती अंथरुणावर पडली तरी बाहेर बराच वेळ काहीच हललं नाही. मग कुणीतरी फार हलक्या पावलांनी जिना उतरून गेलं. पोरं असं उतरत नाहीत, हे तिला झोपेच्या काठावर जाणवलं, पण तोवर ती अर्धी पलीकडे गेली होती.

६

सकाळी टोपी पेटीत होती.

लाकडी डोक्यावर, जराशी तिरपी. कुलूप लावलेलं. समोवारमागच्या खिळ्याला किल्ली. नाट्यगृहात आनंदीआनंद झाला. तेय्यूब मुअल्लिम मात्र आनंदात नव्हते. काल बोलायचा दिवस नव्हता, आज होता.

"चोर घाबरला की माल परत ठेवतो," दालनात सगळ्यांना बोलावून ते म्हणाले. "ठेवायला किल्ली लागते. किल्ली कुणाकडे असते? मेहपारा खानम, संध्याकाळपर्यंत खोली. मोर राहू द्या."

मेहपारानं भिंतीचा आधार घेतला.

"मुअल्लिम, टोपी जरा हातात घेते," जर्गलम म्हणाली.

तिनं टोपी उजेडात धरली. आतून खरंच जुन्या कपाटाचा वास येत होता. अस्तराच्या दुमडीत काहीतरी टोचलं. तिनं बोटानं ते बाहेर काढलं. शेकरबुऱ्याचा तुकडा. त्यावर लोंबीची नक्षी, आणि दर तिसऱ्या दाण्याला खाडा.

तिच्या पायाखालची जमीन सरकली नाही, कारण त्या जमिनीत अर्धं बसायची तिला सवय होती. पण दालन हळूच एका बाजूला कललं. टोपी काल तिच्या दारात होती. जिन्यावर दिवा नाही, हे कुणाला ठाऊक होतं? तो लागू नये असं कुणाला वाटत होतं? उद्या पाचची मुदत कुणाला पुरेशी होती? पेटी उघडली कशी, हे कुणाला विचारावं लागलं नव्हतं? आणि सबंध बाकूत कुणाच्या कानात तीन, थांबा, एक अशी टकटक बसलेली होती?

अलोव्सत खांबाजवळ उभा होता. दाढी गुळगुळीत, सदरा इस्त्रीचा. होकार मिळालेल्या माणसासारखा तिच्याकडे बघत होता.

तिनं काठोकाठ भरली होती.

"काय सापडलं?" तेय्यूबनी विचारलं.

नाव घेतलं असतं तर अलोव्सत गेला असता. नसतं घेतलं तर मेहपारा. जर्गलम संहितेत नसलेलं वाक्य शोधू लागली. आयुष्यात पहिल्यांदा तिला प्रॉम्प्टर हवा होता.

"मी नेली," खांबाजवळून आवाज आला.

"तुम्ही?"

"कालच्या संध्याकाळसाठी. एका दाराशी ठेवायची होती. माझी आहे ती कापडाची, चपटी. तीत बियांची सालं असतात. तसल्या टोपीत कुणी उत्तर घालत नाही." अलोव्सत शांतपणे बोलत होता. "हिच्यात इतकी वर्षं गायलो. वाटलं, एवढी ओळख पुरेल. मेहपारावर आळ येईल असं वाटलं नव्हतं. मुदत आज पाचची होती, आणि टोपी सकाळीच ठेवली."

"कुणाच्या दाराशी, दायी?" उल्वीनं विचारलं. दायी म्हणजे मामा, पण त्याच्या तोंडी त्या क्षणी तो शब्द पहिल्यांदा खराखुरा वाटला.

"रीतीप्रमाणे ते विचारायचं नसतं," जर्गलम म्हणाली.

"रीत राहू द्या," तेय्यूब म्हणाले. त्यांचा चेहरा उजळला होता. एका चोरीत दोन जागा रिकाम्या होत होत्या. "हाजी मिरबागीरांची शंभर वर्षांची टोपी यांनी मिठाईसाठी वापरली, आणि किल्ली यांना मेहपारा खानमच्या निष्काळजीपणामुळे मिळाली. दोघांनीही विश्रांती घ्यावी."

जर्गलमनं टोपी पुन्हा नाकाशी नेली. अत्तर. बायकांचं. टोप्या येतात, खोली येत नाही. तिनं अस्तर थोडं उलटलं. आत शिवण मधोमध होती, टोपीला नसते तशी, आणि एका कडेला बारीक लोखंडी आकडा राहून गेला होता.

"मेहपारा," ती म्हणाली, "हाजी कोटाची कॉलर कधीपासून डोक्यावर घालायला लागले?"

मेहपारानं भिंत सोडली.

"हाजींची टोपी मी कामाला लागले तेव्हाच कसरीनं खाल्ली होती," ती म्हणाली. "पेटी उघडली की भुसा. दुसरी मी बाजारातून आणली. ती एका नटानं दौऱ्यात हरवली. तिसरीला पैसे द्यायला कुणी तयार नव्हतं. माझ्या कोटाला कोकराची कॉलर होती. काढली आणि शिवली. पंचवीस वर्षं लोक तिच्यासाठी उभे राहताहेत. मी दर वेळी विंगेत असते."

"म्हणजे टोपी मेहपाराची आहे," जर्गलम म्हणाली. "तिची वस्तू, तिच्या खिळ्यावरची किल्ली. तिची हरकत असेल तर चोरी. मेहपारा, तुझी हरकत आहे?"

"रीतीनं नेली असेल तर नाही."

"पण तुमच्या जाहिरातीवर काय छापलंय, मुअल्लिम?" जर्गलमनं विचारलं.

तेय्यूबना जाहिरातीवर काय छापलंय ते पाठ होतं: हाजींची टोपी, कॉलर नव्हे. पाचला पाहुणे येणार होते. त्यांनी दालनाकडे, पेटीकडे आणि पूर्वेकडे एकदा पाहिलं.

"आज कुणी काही वाईट बोलू नये असं मला वाटतं," ते म्हणाले.

"तो दिवस काल होता."

"मी एक दिवस उशिरा पाळतो. खोली राहू द्या."

पडद्याआधी अलोव्सत खोबणीपाशी वाकला. तिला त्याचे बूट आधी दिसले, पॉलिश केलेले.

"अक्रोड फार चांगले होते," तो म्हणाला.

"मला वाटलं दुसऱ्या मजल्यावरचं पोर आहे."

बूट अर्धं पाऊल मागे सरकले.

"म्हणजे उत्तर अजून राहिलं."

"पडदा वर जातोय, अलोव्सत."

उल्वीनं टोपी घालून पहिलं पद म्हटलं. सभागृह उभं राहिलं. पाहुणेही उभे राहिले, तेय्यूब सर्वांच्या आधी. त्या टोपीखालून उल्वीचा आवाज कधी नव्हे इतका खोल आला, जणू गाणं आजही भिंतीपलीकडून येत होतं आणि कुणीतरी रस्त्यावर थबकलं होतं.

दुसऱ्या अंकात दार बंद होतं. वाक्य संपलं. कुणी आलं नाही. जर्गलमनं बोट वर उचललं, आणि तिला एकाएकी कळलं की या माणसाला येण्याचं भान कधीच गेलं नव्हतं. तो दर वेळी दाराआड उभा राहून फळीवरच्या आवाजाची वाट बघत होता. तिनं तीनदा भराभर टकटक केलं. मग थांबली. सारंगीवाल्यानं मान वळवून पाहिलं. प्रेक्षकांत कुणी खोकलं. उल्वीनं रंगमंचावर उगाच एक फेरी मारली. ती थांबून राहिली, विचार करत नव्हती, फक्त दाराआडची शांतता ऐकत होती.

मग तिनं चौथी वाजवली.

खेळानंतर तिघं मेहपाराच्या खोलीत चहा प्याले. दारामागच्या खिळ्याला तो कोट अजून टांगलेला आहे. कॉलर नसल्यामुळे तो कुणी घालत नाही.